दुखणे थांबले, पण घोटा बरा झाला का?

‘पाय मुरगळला’ हे वाक्य आपल्या घरांत फार सहजपणे उच्चारले जाते. ताप आला तर आपण तापमापी शोधतो, छातीत दुखले तर तातडीने दवाखाना गाठतो. पण घोटा सुजला की आंबेहळदीचा लेप, एक क्रेप बँडेज आणि ‘दोन दिवसांत उतरेल’ हा शेजाऱ्यांचा दिलासा एवढ्यावर प्रकरण मिटते. पंचविशीतल्या मुलाच्या बाबतीत ते बहुधा निभावूनही जाते. पासष्टी ओलांडलेल्या व्यक्तीच्या बाबतीत मात्र हा हलकेपणा महागात पडू शकतो. आजच्या लेखात मला एकच गोष्ट आपल्या मनावर ठसवायची आहे. वेदना थांबणे आणि घोटा बरा होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्यामध्ये काही आठवड्यांचे, कधी काही महिन्यांचे अंतर असते आणि ज्येष्ठांचे खरे नुकसान त्या अंतरातच होते.

हा विषय याच पंधरवड्यासाठी निवडण्यास कारण आहे. पाऊस अजून सरलेला नाही. गिरगावातल्या जुन्या चाळींचे लाकडी जिने ओलसर आहेत, दादर-परळच्या पदपथांवरचे पेव्हर ब्लॉक जागोजागी उचकटलेले आहेत, हिंदमाता परिसरात पाणी साचले की पायाखालचा रस्ता दिसेनासा होतो आणि गणपती तोंडावर आले आहेत. खरेदीची घाई, दर्शनाच्या रांगा, विसर्जनाची गर्दी या दिवसांत घोटा धरून दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांची संख्या दरवर्षी वाढते.

सांधा लहान, भार मोठा

घोटा हा तीन हाडांचा सांधा आहे. नडगीचे जाड हाड, तिच्या बाहेरच्या अंगाने खाली येणारे बारीक हाड आणि या दोहोंच्या टोकांनी बनलेल्या खोबणीत बसलेले टॅलस नावाचे पायाचे हाड. आतून व बाहेरून हाताला लागणारे दोन उंचवटे म्हणजे वरच्या दोन हाडांची टोके. टॅलस हे विलक्षण हाड आहे. शरीराचा सारा भार त्याच्यावरून पावलात उतरतो, पण त्याला एकही स्नायू चिकटलेला नसतो. ते जागेवर राहते ते खोबणीच्या आकारामुळे आणि चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या चिवट पट्ट्यांमुळे.

या पट्ट्यांना अस्थिबंध किंवा लिगामेंट म्हणतात. अस्थिबंध हाडाला हाडाशी बांधून ठेवतो. कंडरा, म्हणजे टेंडन, ही वेगळी गोष्ट. स्नायू जिथे संपतो तिथून हाडापर्यंत जाणारी ती मजबूत दोरी असते आणि स्नायूची ओढ हाडापर्यंत पोहोचवते. दाराचे उदाहरण घेतले तर अस्थिबंध म्हणजे दार चौकटीला धरून ठेवणाऱ्या बिजागऱ्या आणि कंडरा म्हणजे दार ओढण्याची दोरी. बिजागरी सैल झाली तर दार डुगडुगते; दोरी तुटली तर दार ओढताच येत नाही. घोट्याच्या दुखापतींतला मुख्य फरक एवढ्यात सामावलेला आहे.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूस तीन अस्थिबंध असतात. त्यांपैकी पुढचा सर्वांत दुबळा आणि म्हणून सर्वांत आधी ताणला वा फाटला जाणारा. एमआरआयच्या अहवालात ‘एटीएफएल’ अशी अक्षरे दिसली, तर ती याच अस्थिबंधाची, हे ध्यानात ठेवावे. आतल्या बाजूस पंख्यासारखा पसरलेला एक जाड अस्थिबंध असतो. तो सहसा फाटत नाही. शिवाय बाहेरचा घोटा आतल्या घोट्यापेक्षा थोडा खाली उतरलेला असल्यामुळे पाऊल बाहेर वळायला अडथळा होतो, आत वळायला तितका होत नाही. म्हणून मुरगळणारा पाय बहुतेक वेळा आतच वळतो आणि सूज बाहेरच्या घोट्यापुढे येते.

आणखी एक गंमत अशी, की टॅलसचा वरचा भाग पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. पाऊल जमिनीवर सपाट असताना रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. बोटे खाली झुकली की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. जिना उतरताना आपण नेमके बोटे खाली झुकवूनच पाऊल टाकतो. चाळीचा जिना चढताना दमवतो, पण घोटा मुरगळतो तो बहुधा उतरताना, आणि त्यातही शेवटची पायरी संपली असे वाटून पाय टाकला जातो तेव्हा.

दोन खेळाडू, दोन दुखापती

२०२३ च्या विश्वचषकाने हा फरक आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर मांडला होता. १९ ऑक्टोबर रोजी पुण्याजवळच्या गहुंजे येथे बांगलादेशाविरुद्ध खेळताना हार्दिक पांड्याने स्वतःच्याच गोलंदाजीवर आलेला फटका पायाने अडवण्याचा प्रयत्न केला, पाय घसरला आणि डावा घोटा दुखावला. षटकातले उरलेले तीन चेंडू विराट कोहलीला टाकावे लागले आणि पुढे पांड्या संपूर्ण स्पर्धेलाच मुकला. ही अस्थिबंधाची दुखापत. एका क्षणात झालेली.

त्याच स्पर्धेत १५ नोव्हेंबर रोजी आपल्या वानखेडेवर मोहम्मद शमीने न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ५७ धावांत ७ बळी घेतले. तो सामना आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये शमीच्या टाचेच्या कंडरेवर लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि स्पर्धात्मक क्रिकेटमध्ये तो परतला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, बंगालकडून रणजी सामन्यात. कंडरेचे दुखणे अनेकदा असे असते. ते साचत जाते, माणूस काम करत राहतो आणि बरे होण्यास मात्र महिने लागतात.

खेळाडूंची उदाहरणे ज्येष्ठांच्या लेखात कशासाठी, असा प्रश्न पडेल. दिमतीला तज्ज्ञांचे पथक असलेला, ऐन उमेदीतला खेळाडूसुद्धा केवळ ‘आता दुखत नाही’ म्हणून मैदानात उतरत नाही. त्याची ताकद आणि तोल तपासल्यावरच त्याला परवानगी मिळते. आपण मात्र तिसऱ्या दिवशी दुधाची पिशवी आणायला तीन मजले उतरतो.

पहिले तीन दिवस

पाय मुरगळल्याबरोबर चालणे थांबवावे. ‘चालून बघ, मोकळा होईल’ हा सल्ला ऐकू नये. बर्फाचे तुकडे पातळ रुमालात गुंडाळून १५ ते २० मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा ठेवावेत. बर्फ थेट त्वचेवर लावू नये. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून वर पोटरीपर्यंत गुंडाळावे, केवळ घोट्याभोवती आवळू नये. बोटे थंड, निळसर किंवा बधिर वाटली तर लगेच सैल करावे. झोपताना पायाखाली दोन उशा घेऊन पाय छातीपेक्षा उंच ठेवावा. खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवल्याने विश्रांती मिळते, पण सूज पुरेशी उतरत नाही.

ज्यांना जुना मधुमेह आहे, पावलांना मुंग्या किंवा बधिरपणा आहे अथवा पायांचा रक्तपुरवठा कमी आहे, त्यांनी बर्फ आणि घट्ट बँडेज डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. संवेदना नसलेल्या त्वचेला इजा झाली, तरी ती कळत नाही.

पहिल्या तीन दिवसांत गरम शेक आणि मालीश पूर्णपणे टाळावे. आतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फाटलेल्या असतात. चोळल्याने आणि शेकल्याने रक्तस्राव आणि सूज वाढते. हाडवैद्याकडून ‘बसवून’ घेण्याचा आग्रह तर मुळीच धरू नये. हाडाला बारीक तडा असेल, तर त्या एका झटक्याने तो तडा सरकू शकतो. लेपाविषयी माझी तक्रार नाही. त्वचा फाटलेली नसेल आणि लेप चोळून लावला नाही, तर लावावा. पण लेप लावला म्हणून तपासणी टाळू नये.

वेदनाशामकाच्या गोळ्यांबाबत ज्येष्ठांनी विशेष जपावे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या जठर आणि मूत्रपिंड दुखावू शकतात, रक्तदाब वाढवतात आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर घेतल्यास रक्तस्रावाचा धोका निर्माण करतात. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत बहुतेकांना अधिक सुरक्षित असते. औषधाच्या दुकानातून ‘पाय दुखतोय, काहीतरी द्या’ म्हणून गोळ्या आणू नयेत.

एक्स-रे कुणी काढावा?

कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी काही साधे नियम मांडले आणि ते आज जगभर वापरले जातात. दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील. आतल्या वा बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यावर दुखत असेल. पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावरील उंचवट्यावर किंवा आतल्या बाजूस कमानीच्या वरच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. लंगडत टाकलेले पाऊलही पाऊलच धरावे.

ज्येष्ठांसाठी मी या नियमांना थोडी पुस्ती जोडतो. वयानुसार हाडे ठिसूळ झालेली असतात, त्यामुळे शंका असेल तर एक्स-रे काढणेच बरे. मधुमेहामुळे पाय बधिर असेल, तर ‘दुखत नाही’ या उत्तरावर विसंबता येत नाही. अशा व्यक्तीचे पाऊल लाल, गरम आणि सुजलेले असूनही फारसे दुखत नसेल, तर ती मुरगळ न समजता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहात पावलाची हाडे आतून मोडू लागण्याचा एक गंभीर विकार असतो आणि त्याची सुरुवात नेमकी अशीच दिसते. पोटरी एकाच बाजूची सुजली, ताठरली आणि दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. त्याबरोबर धाप लागली किंवा छातीत दुखले तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

वेदना थांबल्यानंतरचे आठवडे

अस्थिबंध केवळ बांधून ठेवत नाही, तो बातमीही देतो. त्यात असलेले मज्जातंतूंचे सूक्ष्म अग्र पाऊल कुठल्या कोनात आहे हे क्षणोक्षणी मेंदूला कळवत असतात. डोळे मिटूनही आपले पाऊल कसे ठेवले आहे हे आपल्याला कळते, ते बऱ्याच अंशी यामुळेच. अस्थिबंध फाटला की ही बातमी तुटक होते. वेदना एक-दोन आठवड्यांत कमी होते. फाटलेल्या तंतूंच्या जागी नवे तंतू भरायला साधारण तीन आठवड्यांपासून पुढे काळ जातो आणि ते मजबूत व्हायला महिने लागतात. तुटलेली बातमी मात्र आपोआप पूर्ववत होतेच असे नाही; ती सरावाने परत मिळवावी लागते.

लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी मला आठवतात. पावसात त्यांचा घोटा मुरगळला. हाड शाबूत होते, दहा-बारा दिवसांत दुखणे थांबले आणि घरच्यांनी विषय संपला असे मानले. व्यायाम सांगितले होते, पण ‘दुखत नाही, मग व्यायाम कशाला?’ म्हणून ते झाले नाहीत. पाय ‘भरवशाचा वाटत नाही’ असे आजी अधूनमधून म्हणत. ते कुणी फारसे मनावर घेतले नाही. त्यांनी आधी भाजीला जाणे सोडले, मग देवळात जाणे, मग गॅलरीतल्या फेऱ्या. चार महिन्यांनी एका रात्री गॅलरीच्या टोकाच्या सामायिक शौचालयाकडे जाताना त्यांचा तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले. ते मोडले कशाने? कागदोपत्री पडल्यामुळे. माझ्या मते त्याची सुरुवात चार महिने आधी, ‘आता दुखत नाही’ या वाक्याने झाली होती.

म्हणून पुढील व्यायाम, डॉक्टरांनी संमती दिल्यावर, घरीच करावेत. सूज उतरू लागली की खुर्चीत बसून पायाच्या अंगठ्याने हवेत ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत मुळाक्षरे काढावीत, घोटा प्रत्येक दिशेने हलतो आणि नातवंडांनाही मौज वाटते. दुसऱ्या टप्प्यात स्वयंपाकघराच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून चवड्यांवर उभे राहावे आणि सावकाश टाचा टेकवाव्यात. दहा वेळा, दिवसातून दोनदा. तिसऱ्या टप्प्यात ओट्याला धरूनच एका पायावर उभे राहावे. आधी ५ सेकंद, मग १०, जमल्यास ३० पर्यंत. हळूहळू दोन हातांऐवजी एक हात, मग दोन बोटे एवढाच आधार ठेवावा. पाठीमागे खुर्ची असावी आणि सुरुवातीला घरातले कुणीतरी शेजारी उभे असावे. हा सराव किमान सहा ते आठ आठवडे चालू ठेवावा. सारखे प्लॅस्टर घालून सांधा जखडून ठेवण्यापेक्षा आधार देणारा पट्टा आणि लवकर सुरू केलेली हालचाल बहुतेकांना अधिक लाभते. फार तीव्र दुखापतीत तज्ज्ञ थोड्या दिवसांसाठी प्लॅस्टर घालतात, ते योग्यच असते.

टाचेमागची दोरी

आता कंडरांकडे वळू. टाचेच्या मागे चिमटीत येणारी जाड दोरी ही शरीरातील सर्वांत जाड आणि बळकट कंडरा. ग्रीक पुराणातील अकिलीस या वीराचे सारे शरीर अभेद्य होते, फक्त टाच राहिली होती. आपल्याकडे दुर्योधनाची मांडी राहिली तशी. त्याच्या नावाने ही कंडरा ओळखली जाते. टाचेच्या हाडापासून साधारण २ ते ६ सेंटिमीटर वरच्या भागात तिचा रक्तपुरवठा कमी असतो आणि ती बहुधा तिथेच तुटते.

तुटण्याच्या क्षणी मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखे वाटते, कधी ‘फट’ असा आवाज येतो. रुग्ण वळून पाहतो, तर मागे कुणी नसते. नंतर वेदना फारशी राहत नाही आणि फसगत होते ती इथेच. पावलाला खाली झुकवणारे दुसरे छोटे स्नायू असतात, त्यामुळे माणूस लंगडत का होईना, चालतो. मुरगळ समजून दोन-तीन आठवडे निघून जातात. यासाठी एक सोपी चाचणी आहे. रुग्णाला पलंगावर पालथे झोपवून पावले कडेबाहेर लोंबती ठेवावीत आणि पोटरी हळूच दाबावी. कंडरा शाबूत असेल तर पाऊल किंचित खाली झुकते. पूर्ण तुटली असेल तर ते स्तब्ध राहते. दोन्ही पायांची तुलना करावी आणि शंका आल्यास त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. लवकर निदान झाले तर पाऊल खाली झुकवलेल्या स्थितीत प्लॅस्टर वा बूट घालून तुटलेली टोके जवळ आणता येतात. उशीर झाला की टोके एकमेकांपासून दूर आखडतात आणि उपचार अवघड होतात.

या कंडरेसंबंधी ज्येष्ठांना ठाऊक असलीच पाहिजे अशी एक गोष्ट औषधांची आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही एकाच कुळातील प्रतिजैविके लघवीच्या संसर्गासाठी, जुलाबासाठी, छातीच्या संसर्गासाठी दिली जातात. क्वचित प्रसंगी त्यांमुळे कंडरा सुजते किंवा तुटते. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने २००८ मध्ये या औषधांच्या वेष्टनावर ठळक चौकटीत तसा इशारा छापण्यास सांगितले. साठीपुढील व्यक्ती आणि स्टेरॉइड घेणारे रुग्ण, म्हणजे दमा किंवा संधिवातासाठी गोळ्या चालू असलेले अनेक ज्येष्ठ, यांना धोका अधिक असतो. त्रास पहिल्या काही दिवसांत होऊ शकतो, तसाच औषध संपल्यावर काही महिन्यांनीही.

याचा अर्थ ही औषधे वाईट आहेत असा नाही. योग्य जागी ती जीव वाचवतात. पण गेल्या वर्षीच्या पाकिटात उरलेल्या गोळ्या पोट बिघडले म्हणून घेणे थांबवावे. ही औषधे चालू असताना टाचेमागे दुखू लागले, तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांना कळवावे आणि तोवर पायावर ताण देऊ नये. टाचेमागच्या या कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा आग्रहही धरू नये. त्याने वेदना कमी होते, पण दोरी कमकुवत होऊ शकते.

आतल्या घोट्यामागचे मुके दुखणे

दुसरी महत्त्वाची कंडरा आतल्या घोट्याच्या मागून तळव्याखाली जाते आणि पावलाची कमान उचलून धरते. पन्नाशीनंतरच्या स्त्रियांत, विशेषतः वजन, मधुमेह किंवा रक्तदाब असताना, ती हळूहळू झिजते. आतल्या घोट्यामागे सूज येते, उभे राहून स्वयंपाक केल्यावर दुखते, कमान खाली बसते आणि चपलेची आतली कड लवकर झिजते. मागून पाहिल्यास त्या पायाची अधिक बोटे बाहेरच्या बाजूस डोकावताना दिसतात. ‘वयाने पाय सपाट झाला’ म्हणून हे सोडून दिले जाते. सुरुवातीलाच कमानीला आधार देणारा तळवा आणि व्यायाम मिळाले तर पुष्कळदा शस्त्रक्रिया टळते. म्हणून आईच्या चपला एकदा उलटून पाहाव्यात.

शस्त्रक्रिया कुणाला, कधी?

बाहेरचा अस्थिबंध पूर्ण फाटला तरी बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. तीन ते सहा महिने नेटाने व्यायाम करूनही घोटा वारंवार दगा देत असेल, तरच तिचा विचार होतो. स्वीडनचे शल्यविशारद ब्रॉस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये सांगितलेली पद्धत आजही पायाभूत मानली जाते. तीत रुग्णाचाच सैल झालेला अस्थिबंध आखडून हाडाला पुन्हा शिवतात. १९८० मध्ये गूल्ड यांनी शेजारच्या पट्टीचा आधार त्याला जोडला. आता बारीक खिळ्यांसारख्या अँकरच्या साहाय्याने, कधी दुर्बिणीतून, हेच काम होते. त्यानंतर सुमारे दोन आठवडे पायावर भार न देणे, पुढे सहा आठवड्यांपर्यंत बूट आणि नंतर काही महिने व्यायाम, असा क्रम असतो.

टाचेच्या तुटलेल्या कंडरेबाबत पूर्वी ‘शिवलीच पाहिजे’ असा कल होता. नॉर्वेतील, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाचशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्यांची आणि न केलेल्यांची वर्षभरानंतरची स्थिती जवळपास सारखी आढळली. मात्र शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी ६.२ टक्के रुग्णांत कंडरा पुन्हा तुटली, तर केलेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. हे रुग्ण साठीच्या आतले होते, हे विसरू नये. ज्येष्ठांत जखम न भरण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका जमेस धरावा लागतो. म्हणून लवकर निदान झालेल्या अनेकांना प्लॅस्टर वा बुटानेच बरे करतात. फार उशिरा आलेल्या रुग्णात अंगठा वाकवणारी शेजारची कंडरा टाचेला जोडून काम भागवले जाते. कमान पूर्ण बसलेल्या पायात कंडरा बदलणे, टाचेचे हाड सरकवणे किंवा सांधा जखडणे असे पर्याय असतात.

निर्णयापूर्वी तज्ज्ञांना विचारावे: शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? किती आठवडे भार द्यायचा नाही? रक्त पातळ करण्याची गोळी केव्हा थांबवायची आणि गुठळीपासून संरक्षण कसे मिळेल? साखर आटोक्यात असावी. विडी, तंबाखू आणि मिशरी शस्त्रक्रियेच्या आधीच बंद व्हावी, कारण निकोटिनमुळे त्वचेचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि जखम भरत नाही. आपल्या भागात परळचे केईएम किंवा मुंबई सेंट्रलचे नायर यांसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत अस्थिरोग आणि फिजिओथेरपी हे दोन्ही विभाग आहेत. खर्चाची अडचण असल्यास तेथील समाजसेवा विभागात अवश्य चौकशी करावी.

सोबत करणाऱ्यांसाठी

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. उजवा घोटा दुखत असेल तर डाव्या हातात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय, हा क्रम पाठ करून घ्यावा आणि एक हात कायम कठड्यावर असावा. सोबत करणाऱ्याने उतरताना एक पायरी खाली, पुढे राहावे. जिन्याच्या वळणावर आणि गॅलरीत रात्रभर एक दिवा जळत राहील अशी व्यवस्था करावी. मोरीपाशी सरकणारे पायपुसणे नसावे. रबरी स्लिपरऐवजी मागे पट्टा असलेली, तळ न गुळगुळीत झालेली चप्पल द्यावी. सामायिक शौचालय दूर असेल, तर बरे होईपर्यंत रात्रीपुरती कमोडची खुर्ची खोलीत ठेवण्यात संकोच करू नये.

आणि घरातील ज्येष्ठ व्यक्ती ‘पायाचा भरवसा वाटत नाही’ असे म्हणाली, तर ते वयाचे रडगाणे समजून सोडून देऊ नका. त्याच संध्याकाळी त्यांना ओट्यापाशी न्या, हाताशी उभे राहा आणि दोन्ही पायांवर आळीपाळीने किती सेकंद उभे राहता येते ते मोजा. दोन्ही पायांत ठळक फरक दिसला, किंवा आधाराशिवाय मुळीच जमले नाही, तर तो आकडा कागदावर लिहून डॉक्टरांकडे घेऊन या. गणपतीच्या दर्शनाला त्यांना जरूर न्यावे. पण त्याआधी हे दहा सेकंद मोजून घ्यावेत.